ग्रंथपालाचे ‘नाही’

१

ग्रंथालयाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा ‘आहे’ या क्रियापदाभोवती फिरते. अमुक ग्रंथालयात किती ग्रंथ आहेत, कोणती हस्तलिखिते आहेत, तालिका संगणकावर आहे किंवा कसे, असे प्रश्न विचारले जातात आणि त्यांच्या उत्तरांवरून ग्रंथालयाची प्रतिष्ठा ठरते. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो याच्या उलट क्रियापदाचा. वाचकाने काही मागितले आणि ग्रंथपालाने ‘नाही’ म्हटले, तर त्या ‘नाही’चा ज्ञानात्मक आणि नैतिक दर्जा कोणता? शोधयंत्रे, महाजालावरील तालिका आणि प्रश्नाला सलग गद्यात उत्तर देणारी संवादयंत्रे ग्रंथालयाच्या व्यवहारात आली असताना हा प्रश्न टाळता येण्याजोगा राहिलेला नाही. या साधनांची स्तुती वा निंदा केली जाते ती त्यांनी काय दिले यावरून. त्यांना काय देता आले नाही, आणि ते देता आले नाही हे वाचकाला कळले काय, याची तपासणी क्वचितच होते.

एक उदाहरण कल्पू. पवन मावळातल्या एखाद्या गावचा विद्यार्थी मराठीत एम. ए. करतो आहे आणि त्याला आपल्या प्रदेशाच्या वाङ्मयीन व ऐतिहासिक प्रतिमेवर प्रबंधिका लिहावयाची आहे. तो ‘मावळ’ हा शब्द शोधयंत्राला देतो. त्याच्यापुढे लोणावळ्याची हॉटेले, भुशी धरणावरची पावसाळी गर्दी, किल्ल्यांच्या सहली आणि निवडणुकीच्या बातम्या यांची रास पडते. तो प्रश्न अधिक नेमका करतो, तेव्हा रास लहान होते. आणखी नेमका करतो, तेव्हा पडदा कोरा राहतो. त्या कोऱ्या पडद्यावरून विद्यार्थी जो निष्कर्ष काढतो तो येथे महत्त्वाचा आहे. ‘या विषयावर काही नाही,’ असे तो समजतो. यंत्राने मात्र तसे म्हटलेले नसते. दिलेल्या अक्षरांची जुळणी आपल्या साठ्यात झाली नाही, एवढेच त्याचे विधान असते. अक्षरे न जुळणे आणि वस्तू नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत होऊ न देणे हे ग्रंथपालाच्या व्यवसायाचे मूळ नैतिक कर्तव्य होय, असे प्रमेय येथे मांडावयाचे आहे.

२

अक्षरे का जुळत नाहीत, याची कारणे मावळापुरतीच पाहिली तरी पुरेशी बोलकी आहेत. कार्ल्याच्या लेण्यातील सातवाहनकालीन लेखांत ‘मामाल’ नावाच्या आहाराचा, म्हणजे प्रशासकीय विभागाचा, उल्लेख येतो. ‘मावळ’ हे नाव त्यापासून आले असावे असे अभ्यासक मानतात. कार्ल्याच्या लेण्याचे नाव त्या लेखांत ‘वलूरक’ असे आहे. हे लेख फ्रेंच पंडित सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या सातव्या खंडात संपादित केले. म्हणजे मावळाच्या नावाचा प्राचीन आधार एका इंग्रजी प्रकाशनात, प्राकृत शब्दरूपात, रोमन लिपीत आहे. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांच्या फौजेचा पराभव होऊन जो करार झाला, तो इंग्रजी साधनांत ‘वरगॉम’ अशा रूपात सापडतो. लोणावळा, लोणावळे, लोनावला. कार्ले, कार्ला, कार्ली: एकाच स्थळाची ही रूपे यंत्राच्या दृष्टीने परस्परांना अनोळखी आहेत, जोवर कोणी त्यांची ओळख करून देत नाही तोवर.

याहून सूक्ष्म अडचण लिपीच्या संकेतनाची आहे. मावळ हा दऱ्याखोऱ्यांचा मुलूख. पण ‘दऱ्या’ हा शब्दच संगणकावर दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिला जातो आणि डोळ्यांना दोन्ही वेळा तोच दिसतो. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. त्यापूर्वीचा मजकूर ‘अ’ला चंद्र जोडून लिहिलेला आहे. वाचकाला यातले काहीच दिसत नाही. युनिकोडपूर्व टंकांत जुळवलेला मराठी मजकूर तर टंकाची संगत सुटताच निरर्थक चिन्हांची ओळ होतो. त्यात शुद्धलेखनाचा इतिहास मिळवावा. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली आले आणि ‘कांहीं’, ‘नाहीं’ यांवरचे अनुस्वार गेले. आजच्या रूपाने शोधणाऱ्याच्या हाती जुना ग्रंथ लागत नाही. आणि छायाप्रतीतून अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीने तो अनुस्वार शाईचा डाग समजून सोडला असेल, तर जुन्या रूपाने शोधणाऱ्याच्याही लागत नाही.

‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पाचे उदाहरण अभ्यासकांच्या अनुभवातले आहे. या शतकाच्या आरंभी त्या प्रकल्पाने भारतीय भाषांतील लक्षावधी ग्रंथांच्या छायाप्रती केल्या. मात्र मराठी ग्रंथांची शीर्षके रोमन लिपीत, ठरीव पद्धतीवाचून वर्णांतरित केलेली होती, आणि ग्रंथकारांची नावे अनेकदा चुकलेली. ग्रंथ होता, तरी हाती येत नव्हता. पुढे २०१७ च्या सुमारास ते संकेतस्थळच बंद पडले. आज ते ग्रंथ पाहावयास मिळतात ते मुख्यतः ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने प्रती घेऊन ठेवल्या म्हणून, नोंदींतले दोषही त्यांच्याबरोबर तेथे गेले.

जुन्या तालिकेत या सर्व अडचणींवर एक साधा उपाय होता. एका कार्डावर लिहिलेले असे, ‘वरगॉम: वडगाव पाहा.’ या ‘पाहा’चे आपण पुरेसे मोल केलेले नाही. त्या एका शब्दात तीन कबुल्या आहेत. वाचक ज्या नावाने आला ते नाव चुकीचे नाही, ही पहिली. या नावाखाली येथे काही ठेवलेले नाही, ही दुसरी. जे हवे ते दुसऱ्या नावाखाली आहे आणि तेथे नेण्याची जबाबदारी वाचकाची नसून आमची आहे, ही तिसरी. ‘पाहा’ हे असे ‘नाही’ आहे की जे वाचकाला परत पाठवीत नाही. गो. नी. दांडेकरांच्या ‘पवनाकाठचा धोंडी’ या कादंबरीच्या शीर्षकात ‘मावळ’ हा शब्द नाही. तरी मावळावरचे वाङ्मय मागणाऱ्याच्या हाती ती ठेवणारा ग्रंथपाल हेच ‘पाहा’ तोंडी उच्चारीत असतो.

हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचींत हीच वृत्ती अधिक काटेकोरपणे दिसते. लोणावळ्याच्या कैवल्यधामाने (स्थापना १९२४) योगविषयक हस्तलिखितांची अशी सूची प्रसिद्ध केली आहे. या प्रकारच्या सूचीत ग्रंथाचे नाव जितके महत्त्वाचे, तितकेच ‘अपूर्ण’, ‘त्रुटित’, ‘आरंभीची पाने नाहीत’ हे शेरे महत्त्वाचे असतात. पाठचिकित्सा करणारा अभ्यासक या शेऱ्यांवर विसंबतो. आपल्याजवळ काय नाही हे सांगणारी सूचीच आपल्याजवळ काय आहे याविषयी विश्वासार्ह ठरते.

३

येथवर दोषाचे स्वरूप रिक्ततेचे होते: वस्तू असून यंत्र रिकामे हात दाखवते. नोव्हेंबर २०२२ नंतर सर्वसामान्य वाचकाच्या हाती आलेल्या संवादयंत्रांनी याच्या उलट दोष पुढे आणला आहे. ती रिकामे हात सहसा दाखवीतच नाहीत. भाषेच्या प्रचंड साठ्यातून शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे शिकलेली ही यंत्रे प्रश्नाला सुसंगत, सभ्य आणि प्रौढ भाषेत उत्तर देतात. संदर्भ मागितला तर संदर्भही देतात. आणि त्यांत अस्तित्वात नसलेले लेख, न लिहिलेले ग्रंथ आणि न छापलेली पृष्ठे येतात, हा अनुभव आता जगभरच्या ग्रंथपालांचा आहे. वाचक त्या ग्रंथाचे नाव घेऊन ग्रंथालयात येतो आणि ‘असा ग्रंथ नाही’ हे सांगण्याचे काम ग्रंथपालाच्या वाट्याला येते. आमच्याकडे नाही, एवढे सांगून आता भागत नाही. तो ग्रंथ मुळातच नाही, असे म्हणावे लागते, आणि हे म्हणणे फार अवघड आहे. मराठीत ते काही अधिकाराने म्हणता येते, याचे श्रेय शंकर गणेश दाते यांच्यासारख्यांना आहे. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० अशा दोन कालखंडांची ‘मराठी ग्रंथसूची’ त्यांनी ग्रंथालयोग्रंथालयी हिंडून सिद्ध केली. अशी सूची असल्याशिवाय अभावाविषयी कोणतेही जबाबदार विधान संभवत नाही.

बोर्हेस यांनी १९४१ साली ज्या बाबेलच्या ग्रंथालयाची कल्पना केली, त्यात अक्षरांच्या सर्व शक्य जुळण्यांचे सर्व ग्रंथ आहेत. त्यामुळे तेथे खरी तालिका आहे, तशाच असंख्य खोट्या तालिकाही आहेत. ज्या ग्रंथालयात ‘नाही’ हे उत्तर असंभव आहे तेथे ‘आहे’ या उत्तरालाही अर्थ उरत नाही, हा त्या कथेचा आपल्या विषयापुरता निष्कर्ष. संवादयंत्र हे बाबेलचे ग्रंथालय नव्हे; त्यात संभाव्यतेची निवड आहे आणि पुष्कळदा उत्तर बरोबरही असते. पण बरोबर उत्तर आणि चूक उत्तर एकाच स्वरात दिले जाते. त्या स्वराला उतारचढाव नाही, अडखळणे नाही. जाणकार माणूस जेथे थांबून ‘हे मला नीट ठाऊक नाही’ असे म्हणतो, ते स्थान वाचकाला दिसतच नाही. असत्य सांगणे हा एक दोष. ज्ञानाची सीमा झाकणे हा त्याहून निराळा दोष आहे, आणि ग्रंथालयाच्या संदर्भात तो अधिक गंभीर आहे, कारण त्यामुळे वाचकाची संशय घेण्याची शक्तीच निरुपयोगी होते.

४

येथे एक आक्षेप विचारात घेतलाच पाहिजे. ग्रंथपालाच्या ‘नाही’चा असा गौरव करताना त्या शब्दाचा आपल्या समाजातला इतिहास विसरता येतो काय? देरिदा यांनी ‘आर्काइव्ह’ या शब्दाची व्युत्पत्ती उलगडताना दाखवून दिले की ग्रीकांत दस्तऐवज राहत ते अधिकाऱ्याच्या घरी. जपणूक आणि हुकूम यांचा उगम एकाच ठिकाणी आहे. आपल्याकडे हे समजण्यासाठी ग्रीसला जाण्याचे कारण नाही. स्त्रिया आणि शूद्रातिशूद्र यांना ग्रंथाच्या दारातून ‘नाही’ हाच शब्द शतकानुशतके ऐकावा लागला. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावते आणि मावळातून वाहत देहूला जाते. त्याच नदीत तुकोबांच्या अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्याची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. ज्यांनी हे ‘नाही’ ऐकले त्यांच्या वंशजांना आज दूरध्वनीच्या लहानशा पडद्यावर, कोणाची परवानगी न मागता, ग्रंथ उघडता येतो. ही घटना लहान नाही. द्वारपालाचा कायमचा बंदोबस्त करणारे साधन म्हणून कोणी या तंत्रज्ञानाचे स्वागत केले, तर त्याला गतकालव्याकूळ ग्रंथप्रेमाने उत्तर देता येणार नाही.

आक्षेप मान्य आहे. त्यावरून निघणारा निष्कर्ष मात्र मान्य करता येत नाही. ‘तुला देणार नाही’ आणि ‘माझ्याजवळ नाही’ या दोन वाक्यांत शब्द एक असला तरी कर्म भिन्न आहे. पहिल्यात वस्तूवरच्या सत्तेचा उच्चार आहे, दुसऱ्यात स्वतःच्या मर्यादेचा. पहिले वाक्य वाचकाचा मार्ग बंद करते. दुसरे, प्रामाणिकपणे उच्चारले तर, पुढचा मार्ग दाखवते. नव्या साधनांचे पुरस्कर्ते पहिल्या ‘नाही’चा नाश करू पाहतात आणि ते योग्यच आहे, पण त्या भरात दुसरे ‘नाही’ही नष्ट होते. शिवाय पहिले ‘नाही’ खरोखर नाहीसे झाले आहे काय, हेही पाहावे लागेल. वर्गणी भरणाऱ्या विद्यापीठाबाहेर शोधनियतकालिकाचा लेख उघडत नाही. शोधयंत्राच्या निकालात काय वर यावे आणि काय खाली जावे, हे ठरवणाऱ्याचे दार कोठे आहे, हेही वाचकाला ठाऊक नसते. द्वारपाल होता तेव्हा निदान तो दिसत होता.

५

इंद्रायणीच्या कथेची दुसरी बाजू आपल्या विवेचनाला अधिक उपयुक्त आहे. वह्या तेरा दिवसांनी पाण्यावर आल्या, असे श्रद्धा सांगते. अभंग लोकांच्या मुखी होते आणि ठिकठिकाणी उतरून घेतलेले होते, असे विवेचक सांगतात. तुकोबांचे अभंग लिहून घेणाऱ्यांपैकी संताजी जगनाडे यांची समाधी मावळातच, सुदुंबरे येथे आहे. तेलाचा व्यवसाय करणाऱ्या या लेखनिकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वह्यांच्या आधारे विनायक लक्ष्मण भावे यांनी १९१९-२० मध्ये तुकोबांचा ‘अस्सल गाथा’ प्रसिद्ध केला. भावे यांची ‘महाराष्ट्र सारस्वत’कार ही ओळख सर्वपरिचित आहे, १८९३ साली ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन करण्यात ते अग्रभागी होते, हे येथे अधिक प्रस्तुत आहे. त्यापूर्वी १८६९ ते १८७३ या काळात इंदुप्रकाश छापखान्यात छापलेली, सरकारी साहाय्याने निघालेली गाथेची प्रत रूढ झालेली होती. असे असता ग्रंथालय चालवणाऱ्या माणसाला एका तेल्याच्या वह्यांकडे वळावेसे वाटले, कारण ‘हा पाठ कोठून आला?’ हा प्रश्न त्याला ‘हा पाठ गोड आहे काय?’ या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटत होता. जगनाडेप्रतीच्या प्रामाण्याविषयी मतभेद होऊ शकतात, झालेही आहेत. पण मतभेद शक्य झाले ते प्रतीला लेखनिक आहे, स्थळ आहे, परंपरा आहे म्हणून. ज्या उत्तराला उगमच नाही त्याच्याशी वादही घालता येत नाही.

प्रती अनेक ठेवाव्यात म्हणजे एक बुडाली तरी ग्रंथ बुडत नाही, हे तत्त्व वारकऱ्यांनी आचरणात आणले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ग्रंथपालांनी १९९९ साली ‘लॉक्स’ या नावाने जी प्रणाली उभारली तिच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. तीत अनेक ग्रंथालयांतील प्रती परस्परांशी ताडून पाहिल्या जातात आणि बिघडलेली प्रत दुरुस्त केली जाते. म्हणजे तंत्रज्ञान म्हणून तंत्रज्ञानाशी आपले भांडण असण्याचे कारण नाही. कोणते साधन उगम सांभाळते आणि कोणते तो पुसते, एवढाच भेद करावयाचा आहे.

याचे सर्वांत मोलाचे उदाहरण पुन्हा याच प्रदेशाने दिले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयतवां यांनी १९८० च्या दशकापासून मुळशी-मावळच्या डोंगराळ पट्ट्यातून आरंभ करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे महाराष्ट्रभर पसरलेल्या या कार्यातून एक लाखाहून अधिक ओव्यांचा डेटाबेस सिद्ध झाला, आणि २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या महाजालीय संग्रहाने त्या क्रमाने प्रसिद्ध केल्या. ओवी ही आपल्या समीक्षेने ‘अनामिक लोकवाङ्मय’ म्हणून ठरवून टाकलेली. या डेटाबेसने ओवीला गाणारणीचे नाव आणि गाव दिले, विषयवार वर्गीकरण दिले. ज्या स्त्रीला ग्रंथाच्या दारात ‘नाही’ ऐकावे लागले होते, तिचे नाव येथे उगम म्हणून नोंदले गेले. आता हीच ओवी एखाद्या संवादयंत्राच्या साठ्यात मिसळली आणि ‘आईविषयी एक मराठी ओवी दे’ या मागणीला उत्तर म्हणून थोडी बदलून बाहेर आली, तर काय होते? ओवी राहील, कदाचित गोडही असेल. गाणारीण मात्र दुसऱ्यांदा अनामिक होईल. लेखकाच्या मृत्यूची घोषणा सिद्धान्ताने करणे निराळे. जिला नुकतेच नाव मिळाले तिचे नाव सोयीसाठी गाळणे निराळे. पहिली वाचनाची भूमिका आहे, दुसरा अन्याय आहे.

६

यावरून ग्रंथपालाने काय करावे? रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांपैकी चौथे वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे, आणि प्रत्येक नव्या साधनाच्या समर्थनार्थ तेच पुढे केले जाते. पण खोट्या संदर्भामागे घालवलेला आठवडा, किंवा कोऱ्या पडद्यामुळे सोडून दिलेला विषय, हाही वाचकाचा वेळच आहे. चौथ्या सूत्राचा प्रामाणिक अर्थ लावला तर कोणतेही साधन स्वीकारताना दोन प्रश्न विचारावे लागतात: हे साधन उत्तराचा उगम दाखवते काय, आणि आपल्या साठ्याची सीमा सांगते काय?

या कसोटीवर काही नवी साधने उतरतात, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटात एका वस्तूची पर्यायी नावे नोंदवण्याची सोय आहे, म्हणजे जुने ‘पाहा’ तेथे नव्या रूपात उपलब्ध आहे. विधानाला आधार जोडता येतो. आणि ‘मूल्य नाही’ व ‘मूल्य अज्ञात’ अशा दोन वेगळ्या नोंदी करता येतात. अभाव आणि अज्ञान यांतला हा भेद यंत्राला शिकवता येतो, याचा हा पुरावा आहे. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयाच्या गरजेतून निघालेली, २००० साली सर्वांना मुक्त केलेली ‘कोहा’ ही प्रणाली मावळातल्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयालाही परवान्याचे मोल न देता वापरता येते. त्या माओरी शब्दाचा अर्थ देणगी असा आहे. पण ‘मामाल: मावळ पाहा’ ही नोंद कोहा आपण होऊन करणार नाही. ती करण्यासाठी कार्ल्याचा लेख, गॅझेटियर आणि गावातल्या म्हाताऱ्यांची बोली ठाऊक असलेला माणूस हवा. तुटपुंज्या मानधनावर सायंकाळी दोन-तीन तास ग्रंथालय उघडणाऱ्या माणसाकडून आपण ही अपेक्षा करतो, आणि साधने आली म्हणून त्याचीही आता गरज नाही असे म्हणू लागलो आहोत. यातली विसंगती व्यवस्थेची आहे, यंत्राची नव्हे.

विद्यापीठांतील भाषाविभागांनाही या जबाबदारीतून सुटता येणार नाही. नावांच्या पर्यायी रूपांच्या सूची, जुन्या-नव्या लेखनाची कोष्टके, हाती न आलेल्या ग्रंथांच्या याद्या, ही कामे प्रबंधाइतकी प्रतिष्ठित मानली गेली पाहिजेत. पवन मावळातल्या त्या विद्यार्थ्याला सर्व काही मिळेल असे आश्वासन कोणतेही ग्रंथालय देऊ शकत नाही. ‘एवढे आमच्याजवळ आहे, एवढे नाही, ते अमुक ठिकाणी असण्याचा संभव आहे, आणि याच्या पलीकडचे आम्हांला ठाऊक नाही,’ एवढे वाक्य त्याला ऐकावयास मिळाले तर त्याचा अभ्यास योग्य जागी सुरू होईल. हे वाक्य माणसाने उच्चारावे की यंत्राने, हा प्रश्न दुय्यम आहे. ते खरे असल्याची जबाबदारी कोणीतरी आपल्या नावाने घेतली पाहिजे.